ओटा मोठा, शेगडी एकच!

दसरा होऊन चार दिवस झाले असतील. सकाळचे तास आटोपून मी घरी येऊन टेकतो न टेकतो तोच अकोल्याहून काकांचा फोन आला. आमचे काका रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. वय वर्षे ब्याऐंशी. शेवटच्या डब्यातून इंजिनापर्यंत निरोप पोचवण्याची जन्माची सवय म्हणा, किंवा अलीकडे स्वतःलाच कमी ऐकू येते म्हणून म्हणा, पण काका फोनवर बोलत नाहीत, पुकारा करतात. अमरावतीत बसून तो पुकारा फोनशिवायही ऐकू आला असता.

"अरे बापू, माह्या फोनची मेमरी फुल्ल झाली! अन् थो मले जित्ता मानूनच नाही रायला!"

पहिले वाक्य मला कळले. दुसऱ्याने मात्र छातीत धस्स झाले. मग हळूहळू उलगडा झाला तो असा.

निवृत्तिवेतन घेणाऱ्याने दरवर्षी नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यायचा असतो. दाखला पोचला नाही तर पुढचे वेतन थांबते, आणि दाखला पोचेपर्यंत थांबूनच राहते. केंद्र सरकारच्या ज्या निवृत्तांनी ऐंशी ओलांडली, त्यांना ही मुभा १ ऑक्टोबरपासूनच मिळते. पूर्वी यासाठी बँकेत जाऊन साहेबांपुढे उभे राहावे लागे. २०१४ च्या नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' ही योजना आली आणि बोटांच्या ठशांवर काम भागू लागले. २०२१ च्या नोव्हेंबरात त्याही पुढची सोय झाली. घरी बसून मोबाइलला चेहरा दाखवावा, पापणी मिचकवावी, की दाखला तयार! काकांच्या बोटांचे ठसे झिजलेले, गुडघे कुरकुरणारे. तेव्हा चेहरा हाच काय तो आधार.

या कामाला मोबाइलमध्ये दोन ॲप लागतात. एकात निवृत्ताची माहिती भरायची. ते दुसऱ्याला हाक मारते. दुसरे कॅमेरा उघडून चेहरा आधारशी ताडून पाहते आणि निकाल पहिल्याच्या हाती देते. काकांच्या फोनवर पापणी मिचकावून होई, आणि पहिले ॲप परत समोर येई ते कोऱ्या पहिल्या पानासह! जणू काका नावाचा कोणी गृहस्थ त्याने कधी पाहिलाच नव्हता. असे तीनदा झाले. तिसऱ्या खेपेला काकांनी फोन सोफ्यावर आपटला आणि काकूंनी उचलून देवघरापाशी ठेवला.

काकांचा नातू कॉलेजात शिकतो. त्याने निदानही केले आणि औषधही सांगितले. "आजोबा, रॅम कमी आहे. बारा जीबीचा घ्या." त्या औषधाची किंमत सव्वीस हजार. निवृत्तिवेतनावर चाललेल्या घरात सव्वीस हजार ही काही दिवाळीची ओवाळणी नव्हे.

"तू कालेजात शिकवतं. तुले समजत असन. सांग, घेऊ का नोको?"

मी कॉलेजात शिकवतो हे खरे, पण मराठी शिकवतो. संतसाहित्याचा माणूस मोबाइलच्या स्मृतीवर काय बोलणार? परंतु आपल्याकडे घरातला एक मनुष्य प्राध्यापक झाला की कुटुंबाच्या लेखी तो सर्वज्ञ होतो. मी दोन दिवसांची मुदत मागितली, आमच्याच कॉलेजातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्राला गाठले, रात्री वाचन केले. आणि खरे ज्ञान मला अखेर स्वयंपाकघरात झाले.

एक नाव, दोन वस्तू

पहिला घोळ शब्दाचा आहे, आणि तो माझ्या प्रांतातला म्हणून आधी तोच सोडवतो. 'मेमरी' या एका शब्दात आपण दोन निराळ्या वस्तू कोंबतो. 'मेमरी फुल्ल' म्हणून फोन तक्रार करतो ती एक, आणि दुकानदार 'रॅम' म्हणून जिचे गुण गातो ती दुसरी.

आमच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. चक्रधरस्वामींच्या लीळा आधी भक्तांच्या आठवणीत होत्या. म्हाइंभटांनी त्या विचारून विचारून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या आणि ग्रंथात उतरवल्या. भक्तांच्या मनात तरळत होती ती एक स्मृती. पोथीत उतरली ती दुसरी. पहिली चपळ, बोलता बोलता ओठांवर येणारी. पण माणूस गेला की गेली. दुसरी सावकाश उघडावी लागते, पण टिकते.

मोबाइलचेही तसेच. तुमची छायाचित्रे, गाणी, ॲप हे सारे जिथे कायम पडून असते ते साठवणीचे कोठार: ६४ जीबी, १२८ जीबी असे आकडे त्याचे. आणि या क्षणी जे काम चालू आहे ते जिच्यावर मांडलेले असते ती रॅम: ४, ६, ८, १२ हे आकडे तिचे. फोन बंद केला की रॅम कोरी होते. कोठार जसेच्या तसे राहते.

रॅम कोरी का होते, याचीही गंमत आहे. अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीत रॉबर्ट डेनार्ड नावाच्या इंजिनिअराला १९६६ साली तिची कल्पना सुचली आणि १९६८ साली पेटंट मिळाले. एकेक अक्षरखूण ठेवायला त्याने विजेचा एक चिमुकला माठ आणि त्याला एक तोटी एवढेच वापरले. माठ भरलेला म्हणजे एक, रिकामा म्हणजे शून्य. पण हे माठ पाझरतात! म्हणून दर सेकंदाला कितीतरी वेळा ते पुन्हा भरत राहावे लागतात. वीज तोडली की माठ कोरडे. जगातल्या एकूण एक मोबाइलची रॅम आजही याच पाझरत्या माठांवर चालते.

स्वयंपाकघरातील बोध

हे सारे मी घरी मोठ्या उत्साहाने समजावून सांगत होतो. सौ. चकलीच्या भाजणीचा पहिला घाणा काढून पाहत होती. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे रॅम हा ओटा, आणि कोठार म्हणजे आपली कोठीची खोली. असंच ना?"

मी थक्क झालो. वर्गात इतके चांगले उदाहरण मला वीस वर्षांत सुचलेले नाही.

तिचेच उदाहरण पुढे चालवतो. ओटा लहान असला, की चकलीचे पीठ मळायला घेताना लाडवांची परात उचलून कोठीत नेऊन ठेवावी लागते. पुन्हा लाडू वळायचे झाले की परात आणा, पीठ न्या. जाण्यायेण्यातच दिवस मावळतो. ओटा मोठा असला, की चकली, लाडू, चिवडा, सगळे एकाच वेळी मांडून ठेवता येते. इकडून तिकडे हात वळवला की काम सुरू. हा रॅमचा खरा फायदा, आणि तो लहान नाही.

"पण," सौ. म्हणाली, "ओटा कितीही मोठा केला म्हणून चकली लवकर तळते का? ती शेगडीवर तळते!"

इथेच सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. फोनमधली शेगडी म्हणजे प्रोसेसर. गणिते तो करतो, चित्र तो उभे करतो. कोठीच्या दाराची रुंदी म्हणजे कोठाराचा वेग. सामान किती झपाट्याने ओट्यावर येते ते त्यावर ठरते. आणि बाजारातून सामान आणून देणारा गडी म्हणजे इंटरनेट. चित्रफीत अडखळते तेव्हा बहुधा हा गडी वाटेत रेंगाळलेला असतो. त्यावर ओटा वाढवणे हा उपाय नव्हे. रॅम वाढवल्याने शेगडीची आच वाढत नाही, कोठीचे दार रुंद होत नाही, आणि गडीही धावू लागत नाही.

त्या संध्याकाळी मी घरातल्या घरात एक परीक्षा घेतली. मुलीचा फोन ४ जीबीचा, माझा ६ जीबीचा, आणि शेजाऱ्यांचा १२ जीबीचा. तो त्यांनी नको नको म्हणत दिला. तिघांचे प्रोसेसर वेगळे, त्यामुळे ही काही प्रयोगशाळेतली कसोटी नव्हे, हे आधीच कबूल करतो. पण जे दिसले ते बोलके होते. एखादा निरोप उघडणे, फोन लावणे, दुकानात पैसे चुकते करणे या एकेकट्या कामांत तिघांत डोळ्यांना जाणवेल असा फरक पडला नाही. मग मी एकामागून एक दहा ॲप उघडली आणि उलट पावली पहिल्यावर आलो. मुलीच्या फोनवर पहिले ॲप पुन्हा मुळापासून सुरू झाले. अर्धवट लिहिलेले पत्र गायब! माझ्या आणि शेजाऱ्यांच्या फोनवर ते जिथे सोडले होते तिथेच वाट पाहत होते. चारावरून सहावर आलो तर फरक दिसला. सहावरून बारावर गेलो तर आमच्या घरगुती कामांत तो दिसेना.

याच ओघात एका सवयीबद्दल सांगितले पाहिजे. पुष्कळ मंडळी, आणि त्यांत मीही होतो, दर तासाला सारी ॲप बोटाने झटकून 'साफ' करतात आणि फोन हलका झाल्याचे समाधान मानतात. हे समाधान खोटे आहे. मोकळी पडलेली रॅम कोणाच्याच कामाची नसते. अँड्रॉइड फोन आपणहून वापरलेली ॲप ओट्यावर मांडून ठेवतो, आणि जागा कमी पडली की ज्याची गरज सर्वांत कमी दिसते ते आधी उचलतो. आपण सगळे झटकतो तेव्हा पुढच्या पाच मिनिटांत तेच सामान पुन्हा कोठीतून आणावे लागते. वेळ जातो आणि बॅटरीही जाते. एखादे ॲप खरोखरच अडून बसले तर तेवढे एक बंद करावे; रोज ओटा धुण्याची गरज नाही.

दहा हजार बाइटांचा संसार

आजचे आकडे ऐकून दिपून जाण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी 'टिफ्रॅक' हा संगणक उभारला आणि १९६० साली तो कामाला लागला. त्याची स्मृती होती ४० अंकी २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने अवघी दहा हजार बाइट! तेवढ्या ओट्यावर शास्त्रज्ञांनी आपली मोठमोठी गणिते मांडली. रोज सकाळी सूर्य, गुलाब आणि 'शुभ प्रभात' असलेले जे चित्र आपल्याला येते, ते एकटे मावायलाही टिफ्रॅकसारखे कितीतरी संगणक लागले असते.

२००७ साली पहिला आयफोन आला त्याची रॅम १२८ एमबी, म्हणजे एका जीबीचा आठवा हिस्सा. २००८ च्या पहिल्या अँड्रॉइड फोनची १९२ एमबी. २०१७ साली आपल्याकडे खेडोपाडी पोचलेल्या जिओफोनची ५१२ एमबी. आज चार जीबी 'कमी' वाटतात. याचे कारण असे की ओटा वाढला तसा पसाराही वाढला. ॲप बनवणाऱ्यांना जागा मिळाली, त्यांनी ती व्यापली. घर मोठे झाले की अडगळ मोठी होते, हे कोणत्याही गृहिणीला सांगायला नको.

म्हणूनच फोन घेताना आजच्या गरजेहून थोडा सैल घ्यावा, हे मात्र शहाणपणाचे. वाढत्या अंगाच्या पोराला कपडे दोन बोटे मोठेच शिवतात. पण दोन बोटे. दोन हात नव्हेत!

शिवाय नुसत्या आकड्यावर वेग ठरत नाही, याला एक चांगला पुरावा आहे. २०२१ चा आयफोन १३ हा अवघ्या ४ जीबी रॅमचा होता. त्या काळी त्याच्याशी स्पर्धा करणारे अँड्रॉइड फोन ८ जीबी आणि १२ जीबी मिरवत होते, म्हणून काही आयफोन मागे पडला नाही. त्याची शेगडी प्रखर होती, आणि पडद्यामागच्या ॲपना झोपवून ठेवण्याची त्याची शिस्त कडक होती. व्यवस्थित बाई लहान ओट्यावर चार पाहुण्यांचा स्वयंपाक करते, तसे हे.

अकोल्याच्या वाटेवर

रविवारी अकोल्याला निघालो. अमरावती ते अकोला हा रस्ता आता वऱ्हाडच्या अभिमानाचा विषय आहे. २०२२ च्या जूनमध्ये याच महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झाले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू अशी गावे मागे पडत होती. पूर्वीच्या खड्ड्यांची आठवण शेजारच्या प्रवाशाने काढली, आणि दोघांनी मिळून समाधानाचा सुस्कारा टाकला.

मला मात्र रॅमच दिसत होती. रस्ता अरुंद होता तेव्हा गाड्या एकमेकींच्या मागे तुंबत. तो रुंद झाला आणि तुंबणे संपले. पण बसचा वेग शेवटी तिच्या इंजिनाचा. उद्या हा रस्ता आणखी दुप्पट रुंद केला, तरी बस काही तेवढ्याने विमान होणार नाही. कोंडी सुटेपर्यंत रुंदीचा उपयोग. त्यानंतरची रुंदी नुसती पाहण्यापुरती.

काकांचा फोन हाती घेतला. २०१९ साली घेतलेला; रॅम ३ जीबी, कोठार ३२ जीबी. कोठाराचा आकडा पाहिला तर शिल्लक जागा जवळजवळ शून्य. 'मेमरी फुल्ल' ही तक्रार या दुसऱ्या मेमरीची होती, आणि नातू औषध देत होता पहिलीला! आत काय भरले होते? सहा वर्षांचे शुभ प्रभात, शुभ रात्री, एकादशीच्या शुभेच्छा, आणि एकाच लग्नाच्या चित्रफिती चार गटांतून चार वेळा आलेल्या.

कोठार गच्च भरले की फोन का मंदावतो, याचेही कारण आहे. या कोठारातल्या चकतीवर लिहिलेले थेट बदलता येत नाही. आधी एक पट्टाच्या पट्टा पुसावा लागतो, मग नवे लिहायचे. मोकळी जागा असली की हे पुसणे सवडीने होते. जागाच नसली तर दर वेळी आधी सामान हलवा, मग पुसा, मग लिहा. दुकानाचे गोदाम छतापर्यंत भरले की एक पोते काढायला दहा पोती हलवावी लागतात, तसे.

काकांना शेजारी बसवून दोन तास आम्ही साफसफाई केली. प्रत्येक गुलाब पुसताना ते विचारत, "हा कोनं धाडला होता?" अखेर निम्मे कोठार मोकळे झाले. फोन बंद करून सुरू केला, आणि काय आश्चर्य! म्हातारा बैल पोळ्याच्या दिवशी चालावा तसा तो चालू लागला. एक पैसा न खर्चता.

मग दाखल्याकडे वळलो. माहिती भरली, कॅमेरा उघडला, काकांनी पापणी मिचकावली, आणि पुन्हा कोरे पहिले पान!

आता मात्र नातवाचा तोंडवळा उजळला, आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. कॅमेरा आणि चेहरा ताडणे हे ओट्यावर ऐसपैस जागा घेणारे काम. तीन जीबींपैकी मोठा वाटा फोनची स्वतःची व्यवस्थाच घेते. उरलेल्या जागेत दुसरे ॲप मांडताना फोन पहिले ॲप उचलून टाकत होता, आणि निकाल घेऊन परत येई तो तिथे कोणीच नसे. या सोयीसाठी ४ जीबी वा अधिक रॅम असावी, असे योजनेच्या सूचनांतही म्हटलेले आहे. इथे खरोखरच ओटा अपुरा होता.

"मग बारा जीबी घ्यायचाच ना, काका?" नातू मला म्हणाला.

मी खिशातून माझा ६ जीबीचा फोन काढला. हा दाखला दुसऱ्याच्या फोनवरूनही देता येतो. काकांना खिडकीपाशी उजेडात बसवले. फोनने पापणी मिचकवायला सांगितले, ते काकांना ऐकू गेले नाही. मी ओरडून सांगितले, त्यांनी मिचकावली. पहिले ॲप जागच्या जागी उभे होते. दाखला झाला.

काकू आतून चहा घेऊन आल्या. "झाले का हे जित्ते?" त्यांनी विचारले. आम्ही सगळे हसलो. पण त्या हसण्यात, डिसेंबरचे वेतन थांबणार नाही, हा निःश्वास होता.

आठ अधिक आठ किती?

तरीही काकांचा फोन सहा वर्षांचा झालेला. त्याला सुरक्षेची नवी दुरुस्ती येणे थांबलेले; आणि त्याच फोनवरून काका बँकेचे व्यवहार करतात. तो बदलणे शहाणपणाचे होते. प्रश्न उरला तो किती खर्चावा हा. संध्याकाळी आम्ही तिघे बाजारात गेलो. दिवाळीची रोषणाई, आणि एका दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरे: '८ + ८ = १६ जीबी रॅम!'

पहिलीतल्या मुलालाही ही बेरीज बरोबर वाटेल. ती चूक आहे. यातले पहिले आठ खरे. दुसरे आठ कोठारातून उसने घेतलेले. ओट्यावर मावेना तर कोठीच्या खोलीत एक टेबल टाकले, आणि त्यालाही ओटा म्हणायचे ठरवले! कोठीत टेबल आहे हे खरे, त्यावर परात ठेवता येते हेही खरे. पण दर वेळी कोठीत धावावे लागते.

ही धाव किती, याचा अंदाज आकड्यांनी येईल. मध्यम किमतीच्या फोनांत सर्रास असणारी रॅम सेकंदाला सुमारे १७ जीबीपर्यंत माहिती देऊ-घेऊ शकते. स्वस्त फोनांतल्या जुन्या धाटणीच्या कोठाराची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० एमबी. म्हणजे चाळीस पटींहून अधिक अंतर. त्याहून चांगले, यूएफएस जातीचे कोठार असले तर ते सेकंदाला एक जीबीच्या घरात जाते. तरी रॅमच्या पुढे ते मागेच. शिवाय कोठाराची चकती लिहून पुसून झिजते. रॅमचे तसे नाही.

हे उसने आठ अगदी निरुपयोगी असे मी म्हणणार नाही. ज्याची रॅम ४ जीबी आहे, त्याचे पडद्यामागचे एखादे ॲप यामुळे तग धरते. अर्धवट राहिलेले काम पुसले जाण्यापेक्षा सावकाश परत मिळालेले बरे. पण याला १६ जीबी म्हणणे म्हणजे शेजाऱ्यांच्या अंगणासकट आपल्या घराचे क्षेत्रफळ सांगणे होय. तेव्हा पाटीवरचे अधिक चिन्ह दिसले की त्याच्या डावीकडचा आकडा तेवढा वाचावा.

दुकानदार भला माणूस होता. त्याला मी चार प्रश्न विचारले, आणि वाचकांनीही ते विचारावेत असे सुचवतो. खरी रॅम किती? कोठार कोणत्या जातीचे, यूएफएस की जुने? प्रोसेसर कोणत्या साली निघालेला? आणि कंपनी सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे देणार? रॅमवर घसघशीत बोलणारा विक्रेता शेवटच्या प्रश्नाला बहुधा डबा उलटा करून पाहतो. आमच्या या गृहस्थानेही तेच केले.

किती पुरे?

आता हिशेबाचे बोलू. निरोप, फोन, बँक, रेल्वेची तिकिटे, मुलांचे अभ्यासाचे व्हिडिओ, थोडी छायाचित्रे: एवढाच ज्यांचा पसारा, त्यांना आज अँड्रॉइडमध्ये ६ जीबी पुरते. पाच-सहा वर्षे फोन बदलायचा नसेल तर ८ घ्यावी. ती दोन बोटांची सैल शिलाई. चार जीबीचा फोन चालतो, पण काटकसरीने. आणि नवा घेताना चार घेणे म्हणजे पोराला अंगाबरोबरचे कपडे शिवणे.

बारा आणि त्यापुढची रॅम कोणाला लागते? मोठे खेळ खेळणाऱ्यांना, फोनवरच चित्रफिती कापून जोडणाऱ्यांना, आणि अलीकडे ज्यांना कृत्रिम बुद्धीची कामे फोनच्या आतच करून हवीत त्यांना. हे तिसरे गिऱ्हाईक खरोखरच अधाशी आहे, कारण त्याचा सबंध बाडबिस्तरा ओट्यावरच मांडावा लागतो. ॲपलने २०२४ मध्ये आपली अशी सोय आणली तेव्हा ८ जीबीचा आयफोन १५ प्रो तिला पात्र ठरला, आणि त्याच वर्गातला ६ जीबीचा साधा आयफोन १५ बाहेर राहिला. उद्या ही कामे घरोघरी शिरली तर माझा आजचा हिशेब मला बदलावा लागेल, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण जी पाहुणेमंडळी येतील की नाही हे ठाऊक नाही, त्यांच्यासाठी आजच कर्ज काढून ओटा वाढवण्यात अर्थ नाही. त्यातून २०२५ मध्ये याच कृत्रिम बुद्धीच्या अवाढव्य संगणककेंद्रांनी रॅमच्या चकत्यांची मागणी वाढवली आणि त्यांचे भाव चढले. ज्या वस्तूची गरज नाही ती महाग असताना घेणे, हा दुहेरी तोटा.

दुकानात नातू थोडा हिरमुसला होता. त्याला बारा जीबीचा फोन आजोबांसाठी हवा होता हे खरे. पण आजोबा सकाळी अकराला झोपतात तेव्हा त्यावर खेळही खेळता आला असता, हेही खरे. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. या वयात आम्हीही आजोबांच्या सायकलीसाठी डायनॅमो मागितला होता, आणि रात्री सायकल चालवणारे आजोबा नव्हते.

शेवटी ६ जीबी रॅम, १२८ जीबी कोठाराचा फोन तेरा हजारांत घेतला. निम्मे पैसे वाचले. त्या पैशांचे काय करावे, यावर काका चटकन बोलले नाहीत. मीच म्हणालो, "काका, दुपारी फोन पापणी मिचकवायला सांगत होता, ते तुम्हांला ऐकूच आलं नाही. कानाचं यंत्र घेऊ या."

"कायले? मले येते ऐकू," काका ओरडले. दुकानातली चार माणसे वळून पाहू लागली. यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा होता?

कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, तपासणी झाली, आणि धनत्रयोदशीच्या आधी यंत्र आले. काकांचा फोन आला तो लक्ष्मीपूजनाच्या सकाळी. मी सवयीने फोन कानापासून हातभर लांब धरला होता. पण आवाज आला तो हळू, नेहमीच्या माणसासारखा. क्षणभर मला ओळखूच आला नाही.

"बापू, तुही काकू काय बोलते थे आता समजून रायलं. लय बोलते!"

मग ते जुन्या आठवणींत शिरले. अकोला-खंडवा ही मीटरगेजची गाडी. २०१७ साली ती बंद झाली, पण काकांच्या मनात अजून वेळेवर सुटते. अकोट, हिवरखेड, वान रोड, धूळघाट, तुकईथड... एकेक स्टेशन ते घेत गेले. कुठे पाणी भरायचे, कुठल्या वळणावर शेवटच्या डब्यातून इंजिन समोर दिसायचे, हे सारे. ब्याऐंशी वर्षांचा मनुष्य, आणि एकही स्टेशन गळले नाही.

मी ऐकत राहिलो. पलीकडे काकूंनी काही तरी विचारल्याचे कानावर आले; आणि काकांनी, न ओरडता, पहिल्याच हाकेला उत्तर दिले.